शब्दचर्चा: 'डार्क फेअरी टेल'ला मराठीत काय म्हणावं?

शाईपेन: मोठ्यांसाठी लिहिलेल्या 'डार्क फेअरी टेल्स'चा संग्रह मराठीत आणतेय. मुखपृष्ठावर कथाप्रकार द्यायचाय आणि तिथेच अडलेय. 'काळी परीकथा' म्हटलं की परीच काळी वाटते. 'कृष्णकथा' वाचून वाचक थेट गोकुळात. 'प्रौढ परीकथा'ला संपादकांचा नकार, भलताच अर्थ निघतो म्हणून. सुचवा.

मूळधातू: 'कृष्णविवर' रुळलं ना? मग 'कृष्णपरीकथा'ही रुळेल.

चालूचलन: कृष्णविवर पाठ्यपुस्तकांनी रुजवलं. हा शब्द कोण रुजवणार? सरळ 'डार्क परीकथा' छापा, वाचणारे तेच म्हणतात.

मूळधातू: अर्धा शब्द उसना घ्यायचा तर अनुवाद करायचाच कशाला?

आरसेमहाल: मुळात या गोष्टींत परी असते कुठे? हिमगौरीत राणी आहे, आरसा आहे, बुटके आहेत. अशा गोष्टींचं जर्मन नाव 'मेर्शन', म्हणजे नुसती छोटीशी गोष्ट, त्यात परीचा पत्ता नाही. परी फ्रेंच नावातून चिकटली. 'अद्भुतकथा' घ्या.

चालूचलन: 'अद्भुत'मध्ये उडता गालिचा दिसतो, अंगावर काटा येत नाही.

रात्रवाचक: माझा आक्षेप 'डार्क'वरच आहे. ग्रिम बंधूंच्या जर्मन कथासंग्रहाच्या १८१२च्या पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती तिची सख्खी आई. १८१९च्या आवृत्तीत तिची सावत्र आई केली. राणीला तापलेल्या लोखंडी जोड्यांत मरेपर्यंत नाचवतात, ते मात्र तसंच ठेवलं. आधीपासूनच एवढी क्रूर असलेल्या गोष्टीला वेगळं विशेषण कशाला? गोडगोड केलेल्या आवृत्त्यांना लावा!

शाईपेन: पटतं. पण नुसतं 'परीकथा' छापलं तर लोक हे पुस्तक लहान मुलांच्या हातात देतील. पहिल्याच कथेत नवरी आपली सावली विकते आणि रोज थोडी थोडी पुसली जाते. शिक्षा म्हणून नाही, तिनं स्वतः केलेला सौदा म्हणून. हे सांगणारा शब्द हवाय मला.

मूळधातू: 'परी' शब्द फारसी, हे ध्यानात घ्या. अवेस्ता या पारशी धर्मग्रंथातली 'पैरिका' ही भुरळ घालणारी दुष्ट शक्ती. म्हणजे परीच्या कुळातच अंधार आहे.

चालूचलन: छान! परी फारसी, कथा संस्कृत. हा जोड चालतो, मग 'डार्क'नंच काय घोडं मारलं?

मूळधातू: फारसी शब्द शेकडो वर्षं जिभेवर घोळून मराठी झालेत. 'डार्क' अजून पाहुणा आहे.

आरसेमहाल: 'भेसूर कथा' कशी वाटते? आमच्याकडे गोष्ट फार अंगावर आली की आजी म्हणायची, "भेसूर आहे हो, झोपताना नको."

रात्रवाचक: भेसूर आवाज असतो. कुत्रं भेसूर रडतं. गोष्ट कशी भेसूर असेल?

आरसेमहाल: चेहराही भेसूर असतो की.

चालूचलन: मला तर हा शब्द 'बेसूर'वरूनच आलेला वाटतो. म्हणजे आवाजच.

मूळधातू: अजिबात नाही. बेसूर गाणाऱ्याची कीव येते, भेसूर रडण्याची भीती वाटते. 'भय'शी नातं जोडा.

शाईपेन: मुखपृष्ठ शुक्रवारी छपाईला जातंय.

चालूचलन: मग 'भेसाड' कुठून आलं, ते सांगा आधी.