बीपीची गोळी आणि यकृत

बीपीच्या गोळीचा यकृतातल्या चरबीशी (फॅटी लिव्हरशी) काय संबंध, असा प्रश्न कुणालाही पडेल. संबंध आहे, पण तो रक्तदाबातून जात नाही.

अँजिओटेन्सिन-२ हे शरीरातलं संप्रेरक रक्तवाहिन्या आकुंचित करतं, एवढंच आपण ऐकलेलं असतं. यकृतात त्याचा आणखी एक उद्योग चालतो. तिथल्या स्टेलेट पेशी एरवी 'अ' जीवनसत्त्व साठवून निवांत असतात. साठलेल्या चरबीमुळे यकृताला सतत इजा होत राहिली की त्या चेकाळतात आणि कोलॅजन (व्रणाचे चिवट धागे) बनवू लागतात. यकृत कडक होत जातं (फायब्रोसिस) ते यामुळे. अँजिओटेन्सिन-२ या पेशींना चिथावतं आणि लोसार्टन, टेल्मिसार्टन या बीपीच्या 'सार्टन' गटातल्या गोळ्या नेमका त्याचाच रिसेप्टर (पेशीवर ते जिथे जोडलं जातं ती जागा) अडवतात. टेल्मिसार्टन शिवाय पीपीएआर-गॅमा हा पेशीतला दुसरा रिसेप्टरही थोडाफार चालू करतं, म्हणजे पायोग्लिटाझोन या मधुमेहाच्या औषधाचं जे लक्ष्य तेच. त्यामुळे सगळ्या 'सार्टन'ना एकाच मापाने मोजू नये असं मला वाटतं.

आता पुराव्याचं. उंदरांमध्ये चित्र छान दिसतं. माणसांत? ब्रिटनमधल्या फॅटी लिव्हरच्या रुग्णांवरच्या लोसार्टनच्या चाचणीत जेमतेम ४५ रुग्ण मिळाले (बरेच जण आधीच अशी गोळी घेत असल्याने बाद!) आणि फायब्रोसिसमध्ये प्लासिबोपेक्षा (औषध नसलेल्या गोळीपेक्षा) काही फरक दिसला नाही. याउलट २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं रेस्मेटिरॉम हे फॅटी लिव्हरवरचं औषध मोठ्या चाचणीतून आलंय.

बीपी आणि फॅटी लिव्हर दोन्ही असेल तर गोळी निवडताना डॉक्टरांशी हा विषय जरूर काढावा. नुसत्या फॅटी लिव्हरसाठी मनाने सुरू करू नये. सिरॉसिस (यकृत व्रणांनी भरून निकामी होत जाणं) होऊन पोटात पाणी झालं असेल तर हीच औषधं मूत्रपिंडाला महागात पडू शकतात.