मॅनिंग पार्कला ताज्या बर्फात स्कीइंग: सिएटलहून बॉर्डर ओलांडून जावं का?

रेडमंडकर
नमस्कार मंडळी. आम्ही सिएटलजवळ रेडमंडला राहतो, स्नोक्वाल्मी आणि स्टीव्हन्स पासला स्कीइंगला नेहमी जातो. मी ब्लू रन (मध्यम उतार) आरामात करते, नवरा अवघड ब्लॅकवरही जातो, मुलगी आठ वर्षांची आहे आणि सोप्या ग्रीनवरून नीट खाली येते. अडचण अशी की रात्री चांगला बर्फ पडला की सकाळी सगळं सिएटल तिकडेच निघतं, पार्किंगसाठी मारामारी, लिफ्टला रांग आणि आपला नंबर लागेपर्यंत ताजा बर्फ तुडवून सपाट झालेला असतो. ऑफिसमधल्या एकाने कॅनडातलं मॅनिंग पार्क सुचवलं. व्हिसलर (कॅनडातलंच मोठं स्की रिसॉर्ट) नकोय, तिथे गर्दी आणि खर्च दोन्ही जास्त. तर कोणी गेलंय का मॅनिंगला? एवढं लांब जाण्यासारखं आहे का, आणि रस्ता कसा आहे? आम्ही दोघं एच-वन-बीवर (अमेरिकेचा नोकरीचा व्हिसा), पासपोर्ट भारतीय, पासपोर्टवरचा अमेरिकेचा व्हिसा संपलाय पण आय-९४ (अमेरिकेत राहण्याच्या मुदतीची नोंद) चालू आहे. शिवाय आम्ही शाकाहारी, तेही सांगा.

उत्तरवारा
नक्की जा! माझी या भागातली सगळ्यात आवडती जागा आहे ही आणि आपल्या लोकांना फारशी माहीतच नाही.

स्की एरिया गिब्सन पासला आहे, हायवे ३ वरच्या मुख्य लॉजपासून आत साधारण दहा किलोमीटर. डोंगर छोटा आहे हे आधीच सांगतो, वरपासून खालपर्यंत ४३० मीटरच्या आसपास उतार आणि ब्लू व ऑरेंज नावाच्या जुन्या, दोन-दोन माणसं बसणाऱ्या चेअरलिफ्ट. लिफ्ट हळू चालतात. पण माझ्या मते तीच तिथली खरी मजा आहे, कारण हळू लिफ्टमधून तासाला माणसं वर जातातच कमी, त्यात येणारे मुळात थोडे, त्यामुळे ताजा बर्फ दुपारपर्यंत टिकतो. मागच्या सीझनला आम्ही आदल्या रात्री वाटेतल्या होप गावात राहिलो होतो, रात्रभर बर्फ पडला, सकाळी वर पोचलो तर पार्किंगमध्ये मोजक्याच गाड्या आणि पहिल्या रनला गुडघ्याच्या खालपर्यंत भुसभुशीत बर्फ, स्कीचा आवाजच येत नव्हता! स्कीची टोकं मधूनच वर यायची आणि परत गडप व्हायची, बायको पुढे होती तर वळताना तिच्या खांद्यापर्यंत बर्फ उडत होता. दुपारी दोनला सुद्धा रनच्या कडेला झाडांजवळ कोणीही न गेलेले पट्टे शिल्लक होते. स्टीव्हन्सला हे सकाळी पहिल्या तासात संपतं.

बर्फ चांगला का असतो त्याचंही कारण आहे. समुद्रावरून येणारे ढग कॅस्केडच्या पश्चिम उतारावर बरंचसं पाणी टाकून मोकळे होतात, मॅनिंग त्या मानाने आत आणि पूर्वेला आहे. शिवाय स्की एरियाचा तळच मुळी १३५० मीटर उंचीच्या आसपास, स्नोक्वाल्मीचा तळ साधारण ९०० मीटर. म्हणजे तिकडे पाऊस किंवा चिकट ओला बर्फ असतो तेव्हा इथे कोरडा पडण्याची शक्यता जास्त. वॉशिंग्टनमधल्या माउंट बेकरला बर्फ कितीतरी जास्त पडतो हे खरं (१९९८-९९ च्या सीझनला ११४० इंच पडला होता, जागतिक विक्रम आहे तो) पण तो बऱ्याचदा जड असतो, संध्याकाळपर्यंत मांड्या भरून येतात.

मुलीसाठी खाली सोपा भाग आहे, ट्यूबिंग (हवेच्या ट्यूबमध्ये बसून घसरणं) आहे. आठवड्यातल्या कुठल्या दिवशी लिफ्ट चालू आहेत ते मात्र निघण्याआधी त्यांच्या साइटवर बघा.

बर्नबीची_मेधा
मी व्हँकुव्हरच्या बाजूने जाते त्यामुळे रस्त्याचं सांगते. तुम्ही सुमासला बॉर्डर क्रॉस करा, चोवीस तास उघडी असते, मग अॅबट्सफर्डवरून हायवे १ ने होप आणि तिथून हायवे ३. रेडमंडहून एकूण चार तास धरा, बर्फ पडत असेल तर जास्त. होपच्या पुढे घाट आहे हो, आणि १ ऑक्टोबर ते ३० एप्रिल विंटर टायर कायद्याने लागतात. एम प्लस एस (चिखल-बर्फाचे) लिहिलेले चालतात, पण मी म्हणेन डोंगर-स्नोफ्लेकची खूण असलेलेच घाला, ट्रेडची (टायरवरच्या खाचांची) खोली किमान साडेतीन मिलिमीटर हवी. निघताना ड्राइव्हबीसी या साइटवर रस्त्याचे कॅमेरे बघायचेच. होपला टाकी फुल करा आणि मॅप डाउनलोड करून ठेवा, पुढे बऱ्याच पट्ट्यात नेटवर्क नाही.

वाटेत होप स्लाइडची जागा लागते. ९ जानेवारी १९६५ ला डोंगराची अख्खी बाजू खाली आली आणि हायवेवरची चार माणसं गाडली गेली. तो उघडा कडा अजून दिसतो, मुलीला दाखवा.

खाण्याचं म्हणाल तर जाताना थालीपीठ-चटणीचा डबा न्या, लॉजमध्ये शाकाहारी म्हणजे फ्राइज आणि पिझ्झा एवढंच धरून चाला. येताना मात्र अॅबट्सफर्डला गुरुद्वारात थांबा. तिथलं जुनं गुरुद्वारा १९११ चं आहे, उत्तर अमेरिकेत आज उभ्या असलेल्यांत सगळ्यात जुनं, लाकडी, पांढरं, आत संग्रहालय पण आहे. रस्त्यापलीकडे नवीन गुरुद्वारा, तिथे लंगर. दिवसभर थंडीत घालवून गरम डाळ-रोटी, आणि वाढणाऱ्या आज्या इतक्या प्रेमाने आग्रह करतात!

कागदपत्रवाला
व्हिसाचं सांगतो. भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागणारच, एच-वन-बी असला तरी. ग्रीन कार्डवाल्यांना लागत नाही. अमेरिकेत परत येताना व्हिसा संपलेला असला तरी ऑटोमॅटिक रीव्हॅलिडेशन या नियमाखाली येता येतं, अट अशी की कॅनडातला मुक्काम ३० दिवसांच्या आत, आय-९४ चालू, आणि या फेरीत तुम्ही नवीन व्हिसासाठी अर्ज केलेला नसावा. आय-९४ ची प्रिंट आणि आय-७९७ (एच-वन-बी मंजुरीचा कागद) जवळ ठेवा. तरी कंपनीच्या वकिलाला एक मेल टाकून खात्री करून घ्या, दोन नोकऱ्यांचा प्रश्न आहे. आणि हेल्थ इन्शुरन्स कॅनडात चालतो का तेही विचारा.

हिमगंध
उत्तरवारांनी झाडांजवळच्या पट्ट्यांचं लिहिलंय म्हणून मुद्दाम लिहितेय. खोल ताज्या बर्फात देवदार-फरसारख्या झाडांच्या खालच्या फांद्यांमुळे खोडाभोवती बर्फ घट्ट बसत नाही, पोकळी राहते, तिला ट्री वेल म्हणतात. त्यात माणूस डोक्याकडून पडला तर स्वतःहून निघणं जवळजवळ अशक्य आणि गुदमरायला काही मिनिटं पुरतात. म्हणून झाडांत एकट्याने जायचं नाही, जोडीदार कायम नजरेत हवा, गळ्यात शिट्टी हवी. मुलीला झाडांच्या जवळ नेऊच नका. स्की एरियाच्या हद्दीच्या दोरीपलीकडे कोणीही जाऊ नका, ताज्या बर्फानंतर हिमस्खलनाचा धोका सगळ्यात जास्त असतो.

बाकी तुम्ही ग्रूम केलेल्या (मशीनने सपाट केलेल्या) रनवर शिकला आहात तर खोल बर्फात मागे झुकायचा मोह होईल, तो टाळा. वजन दोन्ही पायांवर सारखं, पाय थोडे जवळ, वळणं गोल आणि सावकाश, आणि थोडा वेग राहू द्या, अगदी हळू गेलं की स्की बुडते.

रेडमंडकर
सगळ्यांचे मनापासून आभार! एवढं सविस्तर कुठेच मिळालं नसतं. वकिलांना मेल केला, कॅनडा व्हिसाचा अर्ज या वीकेंडला भरतोय, म्हणजे फेब्रुवारीच्या शेवटी जमेल असं वाटतं. होपला आदल्या रात्री राहायची आयडिया आवडली. एकच विचारायचं राहिलं, आमच्या स्की अरुंद आहेत, कमरेला म्हणजे मधल्या भागात ७८ मिलिमीटर. चालतील का?

उत्तरवारा
चालतील, पण दमाल. नवऱ्यासाठी आणि तुमच्यासाठी १०० मिलिमीटरच्या आसपासच्या स्की भाड्याने घ्या, आणि त्या सिएटलहूनच घेऊन निघा, छोट्या ठिकाणी रुंद स्की तुमच्या मापात मिळतीलच असं नाही. मुलीला तिच्याच राहू द्या.