कोल्ड रूम जहाजानं पाठवताना गॅस काढायचा का?

प्रश्न: संभाजीनगरहून पोर्टेबल कोल्ड रूम न्हावा शेवामार्गे दुबईला पाठवायचीय. आत आर-404ए हा थंडावा देणारा गॅस, 4 किलो. गॅस काढावा लागेल का?

उत्तर 1: नाही. हा न पेटणारा गॅस मशीनमध्ये 12 किलोपेक्षा कमी असेल तर सागरी नियमांत धोकादायक माल धरत नाहीत. तरी पंप डाऊन करून, म्हणजे नळ्यांतला गॅस ओढून, रिसीव्हरमध्ये (मशीनमधल्या साठवण टाकीत) घ्या, व्हॉल्व्ह बंद करा. हादऱ्यांनी तांब्याच्या नळीचा फ्लेअर (नळीचा सांधा) सैल झाला की पोचेपर्यंत गॅस गायब.

उत्तर 2: उंची मोजली का? साध्या कंटेनरचं दार जेमतेम 2.28 मीटर, हाय क्यूबचं (जास्त उंच कंटेनरचं) 2.58. लाकडी पेटीवर आयएसपीएम-15 चा (लाकडावर कीडरोधक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का हवाच.

उत्तर 3: ड्रेन ट्रे (पाणी साचतं तो) कोरडा करा अन् दार बोटभर उघडं ठेवून बांधा. नाहीतर दाराच्या रबराला बुरशी लागते, वास काही केल्या जात नाही बघा.