शाळेला बाईंचं नाव द्यावं की नाही?

रेघांची वही

आमच्या शाळेला नाव नाही, नुसता क्रमांक आहे. पाटीवर, दाखल्यावर, गणवेशाच्या खिशावर तोच आकडा. या शाळेत आयुष्यभर गणित शिकवून आमच्या बाई निवृत्त झाल्या, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. शाळेला त्यांचं नाव द्यावं म्हणून आम्ही माजी विद्यार्थी अर्ज करतोय. सह्या घेत फिरताना कळलं की सगळ्यांचं एकमत नाही, म्हणून इथे विचारते आहे. माझं मत आधीच सांगून टाकते: द्यावं.

बाईंनी वहीत कधी लाल फुली मारली नाही. गणित जिथे चुकलं असेल त्या ओळीच्या डावीकडे पेन्सिलीने एक टिंब द्यायच्या, बस. चूक काय ते आपण शोधायचं. टिंबाच्या वरचं सगळं बरोबर आहे, हेही त्या टिंबातूनच कळायचं. अपूर्णांकांच्या भागाकारात मी सलग तीन दिवस एकाच ओळीवर टिंब घेतलं. चौथ्या दिवशी ते एक ओळ खाली सरकलं. घरी जाऊन आईला मी काय सांगितलं असेल तर तेच.

शाळांना देणगीदारांची नावं असतात, पुढाऱ्यांची असतात. जिने शिकवलं तिचं का नसावं?

मधली सुट्टी

ते टिंबाचं वाचून क्षणभर माझंही मत बदललं होतं. तरीही माझा विरोध आहे, आणि तो तुमच्या बाईंना नाही.

आमच्या शाळेत एक सर होते. पुढे सभागृहाला त्यांचं नाव दिलं. कार्यक्रमाला मी गेलो होतो. एकेक जण उठून बोलत होता, बऱ्याच जणांचा गळा दाटून आला होता, आणि ते सगळे खरंच बोलत होते. मी मागच्या रांगेत बसलो होतो. मी तोतरा आहे. ते सर मला वाचायला उभं करायचे आणि माझ्यामागून माझ्यासारखंच वाचून दाखवायचे. वर्ग हसायचा. माझ्यावर खिदळणारे जे होते, त्यांतलेच दोघे त्या दिवशी भाषण करत होते.

लाडके शिक्षक म्हणताना कुणाचे लाडके, हे विचारायला हवं. तुमच्या कागदावर ज्यांचं प्रेम आहे त्यांच्या सह्या येतील. ज्यांना काही बोचलंय ते विरोधात लिहिणार नाहीत, ते सही न करता कागद पुढे सरकवतील. सभागृह निदान टाळता तरी येतं. शाळेचं नाव दाखल्यावर येतं, जन्मभर बरोबर राहतं.

जुना फळा

मधली सुट्टी, तुमच्या बाबतीत झालं ते वाईटच. पण त्यावरून कुठल्याच शिक्षकाचं नाव नको, इथवर मी येणार नाही.

आपल्याकडे शिक्षकाच्या नावाला किती वेळ लागतो ते बघा. सावित्रीबाईंनी भिडेवाड्यात शिकवायला सुरुवात केली १८४८ साली. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ मध्ये, आणि त्याला त्यांचं नाव मिळालं २०१४ मध्ये. म्हणजे १६६ वर्षं. त्याच शहरात फर्ग्युसन महाविद्यालय १८८५ पासून मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने उभं आहे. नाव त्या माणसाच्या हुद्द्यामुळे लागलं, शिकवण्यामुळे नाही.

दुसरं उदाहरण लांबचं आहे, पण मला फार जवळचं वाटतं. यानुश कोरचाक हे पोलंडमधले शिक्षक. वॉर्साच्या घेटोमध्ये, म्हणजे नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, ते अनाथ मुलांचं घर चालवायचे. सुटून जायची संधी त्यांना मिळत होती, ती त्यांनी नाकारली आणि ऑगस्ट १९४२ मध्ये जवळपास २०० मुलांसोबत ते ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीकडे गेले. पोलंडमध्ये आज त्यांच्या नावाच्या कितीतरी शाळा आहेत. तिथल्या पाटीची पद्धत लक्षात घेण्यासारखी आहे. आधी शाळेचा क्रमांक, मग 'अमुक यांच्या नावाची'. क्रमांक पुसत नाहीत. रेघांची वही यांच्या शाळेला तर आयता क्रमांक आहे, म्हणजे नाव जोडताना कुणाचं नाव काढावं लागत नाही. मला हा मुद्दा सगळ्यांत वजनदार वाटतो.

ओसरी

असहमत.

शाळा एका माणसाने होत नाही. तुमच्या बाईंच्या हातात पोरं आली ती बहुधा पाचवीत. त्याआधी पहिलीच्या बाईंनी त्यांना पेन्सिल धरायला शिकवली असेल, रडणाऱ्याला कडेवर घेतलं असेल. त्या बाई कुणाला आठवतात? सहा वर्षांच्या वयातलं कुणाला काय आठवणार! आठवणीवर नाव द्यायचं ठरवलं तर वरच्या वर्गाचे शिक्षक नेहमीच जिंकणार, त्यातही गणित-इंग्रजीचे. चित्रकलेच्या सरांसाठी सह्यांची मोहीम मी अजून पाहिलेली नाही.

धोंडो केशव कर्व्यांनी १९१६ मध्ये महिला विद्यापीठ काढलं. पुढे विठ्ठलदास ठाकरसींनी १५ लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं, नाथीबाईंचं नाव लागलं. कर्व्यांचं काम त्याने तसूभर कमी झालं का? बाईंच्या नावाने वाचनालय काढा, गणिताची खोली करा, शिष्यवृत्ती द्या. शाळा सगळ्यांची राहू द्या.

जुना फळा

ओसरी, पहिलीच्या बाईंबद्दल तुम्ही म्हणता ते मान्य. पण कर्व्यांचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. पैसा देणाऱ्याच्या घरचं नाव लागलं, शिकवणाऱ्याचं लागलं नाही, हीच तर तक्रार आहे! आणि तरीही पुढे हिंगण्याच्या स्त्री शिक्षण संस्थेला महर्षी कर्व्यांचं नाव दिलं गेलंच. तिथल्या लोकांना ते गरजेचं वाटलं म्हणूनच ना?

कारकून

मी शाळेच्या कार्यालयात काम केलेलं आहे. मला बाजू घ्यायची नाही, पण काम काय पडतं ते सांगतो.

नाव बदललं की पाटीबरोबर बाकीचंही सगळं बदलावं लागतं. शिक्के, बँकेचं खातं, मंडळाकडची नोंद, प्रगतिपुस्तकं, दाखल्याचा नमुना. हे होऊन जातं, वर्षभर धावपळ होते इतकंच. खरी अडचण पुढे येते. १५-२० वर्षांनी एखादी माजी विद्यार्थिनी दुय्यम दाखला मागायला येते. जनरल रजिस्टरला जुनं नाव, शिक्का नव्या नावाचा. ती जिथे दाखला देणार तिथला माणूस म्हणतो, या दोन वेगळ्या शाळा आहेत. मग पत्र द्या, पुन्हा पत्र द्या. एका मुलीची नोकरीची मुदत अशा पत्रापायी हुकता हुकता राहिली. मी स्वतः कागद घेऊन गेलो म्हणून वाचली.

क्रमांक तसाच ठेवून पुढे नाव जोडलं तर यातलं निम्मं टळतं.

ओसरी

याला नामविस्तार म्हणतात. मराठवाडा विद्यापीठाचा ठराव १९७८ चा आणि प्रत्यक्ष नामविस्तार १४ जानेवारी १९९४ ला. त्या लढ्यात माणसांनी घरंदारं आणि जीव गमावले, त्याच्याशी एका शाळेची तुलना मी करणार नाही. पण जुना शब्द ठेवून नवं नाव जोडता येतं, हे आपल्याला तेव्हापासून माहीत आहे. तेवढ्यापुरता माझा विरोध सौम्य झाला असं समजा. पहिलीच्या बाईंचा प्रश्न मात्र उरतोच.

एक शंका

इतकी चर्चा झाली, पण बाई हयात आहेत ना? त्यांना कुणी विचारलं का? आणि पाटीवर नक्की काय लिहिणार? आम्ही तर शिक्षकांना आडनावापुढे बाई लावूनच ओळखायचो. कित्येकांची पहिली नावं मला आजही ठाऊक नाहीत.

रेघांची वही

नव्हतं विचारलं. सगळं ठरल्यावर सांगू, असं आमचं चाललं होतं. तुमचा प्रश्न वाचून काल जाऊन आले.

मला वाटलं होतं, नको नको म्हणतील. तसं झालं नाही. म्हणाल्या, "आवडेल की. खोटं कशाला बोलू?" मग अर्जाचा कागद मागितला आणि चष्मा लावून पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या. आम्ही 'सौ.' लावून सासरचं नाव घातलं होतं. त्यांनी शेजारची पेन्सिल घेतली आणि त्या ओळीच्या डावीकडे एक टिंब दिलं.

मला कळेना. शेवटी त्यांनीच सांगितलं. शाळेत लागल्या तेव्हा लग्न झालं नव्हतं. पहिली सहा वर्षं त्या माहेरच्या नावाने शिकवत होत्या. "त्या सहा वर्षांतल्या मुली या नावाच्या बाईंना ओळखतच नाहीत. त्यांना विचारलंत का?"

नव्हतं विचारलं. आमच्या कागदावर त्या वर्षांतली एकही सही नाही. आता त्या मुलींना शोधतेय, त्यांतल्या काही आज्या झाल्या असतील. कागदावर आणखी एक रकाना आखलाय, ज्यांना नाव नको वाटतं त्यांच्यासाठी, आणि त्यात सही न करता नुसतं लिहिलं तरी चालेल असं ठरवलंय. मधली सुट्टी, तो तुमच्यामुळे.

मधली सुट्टी

रकाना ठेवलात, बरं वाटलं. माझं मत अजून नकोच असं आहे. पण त्या रकान्यात कुणी काही लिहिलं तर ते बाईंच्या हाती देण्याआधी तुम्ही वाचा, एवढी विनंती.

कारकून

दोन नावांचा घोळ अर्जातच मिटवा. सेवापुस्तकात दोन्ही नावांची नोंद असायला हवी. त्या पानांची प्रत जोडा आणि पाटीवर कुठलं नाव हवं ते बाईंच्या हस्ताक्षरात लिहून घ्या. आणि आकड्याला हात लावू नका.