शो संपल्यावर इंडियन ओशनला भेटायचंय, 'कंदिसा'ची जुनी कॅसेट सहीसाठी नेऊ का?

मिरजकर_बेसवाला

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात पुण्यात इंडियन ओशन या रॉक बँडचा शो आहे, तिकीट काढून झालंय. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. शो संपल्यावर त्यांना भेटायचं कसं, आणि मी जी वस्तू घेऊन जाणार आहे ती न्यावी की नाही.

थोडं मागचं सांगावं लागेल. मी मिरजेचा, सतारमेकर गल्लीपासून दहा मिनिटांवर घर. लहानपणापासून कानावर काय, तर तंबोरे जुळवल्याचे आवाज आणि घरात भजन. रॉक म्हणजे नुसता आरडाओरडा असं आमच्याकडे सगळ्यांचं पक्कं मत होतं. २००१ मध्ये अकरावीत असताना एका मित्राने त्यांच्या 'कंदिसा' अल्बमची कॅसेट दिली आणि ती मी आजपर्यंत परत केली नाही (त्याला माहितीये, त्याने सोडून दिलीये माझ्याकडे). त्यात बेस गिटार आहे, ड्रम आहे आणि त्याच्याबरोबर एक माणूस मांडी घालून तबला वाजवतोय आणि तोच गातोय, आणि शेवटचं गाणं तर अरामी भाषेतली प्रार्थना, एक शब्द कळत नव्हता तरी मी रात्री उशाशी टेपरेकॉर्डर घेऊन तेच रिवाइंड करकरून ऐकायचो. टेप दोनदा गुंतली, पेन्सिल घालून फिरवून सरळ केली, 'हिल्ले ले'मध्ये एका जागी तुटली तिथे चिकटपट्टी लावलीये, तिथे गचका बसतो. आता मोबाइलवर ऐकलं तरी त्या जागी माझी मान आपोआप हलते. पुढे बेस शिकलो तो या कॅसेटमुळेच.

आता खरी गोष्ट. २००८ मध्ये पुण्यातल्या एका कॉलेजच्या फेस्टिव्हलला ते आले होते. शो संपला, गर्दी पांगली, मी स्टेजच्या बाजूला उभा होतो आणि असीम चक्रवर्ती माझ्यापासून पाचेक फुटांवर बसून तबला पुसत होते. हाताला तबला वाजवताना लावतात ती पांढरी पावडर अजून तशीच, मनगटापर्यंत. आजूबाजूला फारसं कोणी नव्हतं. मी पाच मिनिटं नुसता बघत राहिलो, म्हटलं दमलेत, कशाला त्रास द्यायचा, पुढच्या वेळी बोलू. २५ डिसेंबर २००९ ला ते गेले. तेव्हापासून ती पाच मिनिटं माझ्या डोक्यातून जात नाहीत.

कॅसेटच्या कार्डावर चौघांची नावं आहेत. सुस्मित सेन, असीम चक्रवर्ती, राहुल राम, अमित किलम. असीमदा नाहीत, सुस्मित सर २०१३ मध्ये बँडमधून बाहेर पडले. म्हणजे राहिले दोघं. हे कार्ड त्यांच्यासमोर धरलं तर त्यांना वाईट वाटेल का? आणि जे तिघं नंतर आले, इतकी वर्षं बँड पुढे नेतायत, त्यांना काय वाटेल? कोणी अशा वेळी भेटलं असेल तर सांगा.

साउंडवाला_नाना

मी गेली अठरा वर्षं लाइव्ह साउंड करतो त्यामुळे स्टेजच्या मागची बाजू सांगतो, भावनेचं बाकीचे सांगतील.

शो संपल्या संपल्या धावू नका. पहिली वीस-पंचवीस मिनिटं बँडवाले घामाने ओले असतात, पाणी प्यायचं असतं, शर्ट बदलायचा असतो, आणि आपल्याकडचे बरेच बँड आपली वाद्यं स्वतःच्या हाताने पॅक करतात, त्यात चूक झाली तर पुढच्या गावाला केबल राहिली असं कळतं. तो वेळ जाऊ द्या. गर्दी गेटकडे निघाली की तुम्ही उलटे चला, स्टेजच्या कडेला, जिथे मॉनिटरचा (कलाकारांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरचा) माणूस बसतो त्या बाजूला बॅरिकेडपाशी उभं राहा. आमची पोरं केबल गुंडाळत असतात, त्यांच्या मध्ये येऊ नका, पण त्यांच्यातल्याच एकाला नीट विचारलंत की 'भाऊ, फक्त एक सही हवी होती' तर दहातले आठ जण आत निरोप देतात. बाउन्सरशी हुज्जत घातली की संपलं.

एकट्या बँडचा शो आहे की फेस्टिव्हल ते बघा. फेस्टिव्हलला पुढचा बँड लगेच लागायचा असतो, मग स्टेजवरून सगळं भराभरा उतरवतात आणि कलाकार थेट मागे जातात, तिथे पासशिवाय जाता येत नाही. एकट्याचा शो असेल तर शक्यता बरीच चांगली.

आणि पेन! हे कोणी सांगत नाही. कॅसेटचं कार्ड गुळगुळीत असतं, बॉलपेन उमटत नाही, जेल पेन पसरतं. बारीक टोकाचं परमनंट मार्कर घ्या, घरी एखाद्या दुसऱ्या कार्डावर करून बघा, आणि कार्ड डबीतून आधीच काढून एका पुठ्ठ्यावर ठेवून न्या. अंधारात, हातात कार्ड धरून सही करायला लावलीत तर वीस वर्षं जपलेल्या कार्डाला भोक पडेल.

मेडन_ठाणे

मिरजकर, तुमची पाच मिनिटं वाचून पोटात कालवलं.

माझा अनुभव उलटा आहे, मी भेटायला जिवाचं रान केलं आणि भेट झाली नाही. १७ मार्च २००७, आयर्न मेडन हा ब्रिटिश हेवी मेटल बँड, बंगळूर, पॅलेस ग्राउंड्स. आम्ही सहा जण ट्रेनने गेलो होतो, शो म्हणजे आयुष्यभराचा ठेवा आहे, त्याबद्दल बोलतच नाही. पण दुसऱ्या दिवशी एका हॉटेलबाहेर चार तास उन्हात उभे राहिलो आणि दिसली ती काळ्या काचांची गाडी. पुढच्या वर्षी १ फेब्रुवारीला ते मुंबईत आले, त्यांचं ते रंगवलेलं बोइंग ७५७ गायक ब्रूस डिकिन्सन स्वतः चालवत होता, तेव्हा मी ठरवलं की आता हॉटेलबिटेल काही नाही, समोर उभं राहून गाणं म्हणायचं. आणि माझ्यापुरतं तेवढं पुरलं.

म्हणून सांगतो, एवढ्या मोठ्या बँडना भेटणं वेगळं, तिथे मध्ये दहा माणसं असतात. इंडियन ओशनसारख्या बँडला भेटणं तुमच्या हातात आहे. जा. फक्त मुक्कामाच्या ठिकाणी कोणाच्या मागे जाऊ नका, भेट मैदानातच.

सातपुड्याची_लेक

दादा, कार्ड न्याच. त्यात वाईट वाटण्यासारखं काहीही नाही, उलट चौघांची नावं असलेलं कार्ड कोणीतरी इतकी वर्षं सांभाळलं हे बघून त्यांना बरंच वाटेल असं मला मनापासून वाटतं.

मी शहाद्याची. माझे वडील नर्मदा आंदोलनात होते, सरदार सरोवराच्या पाण्यात आपल्या महाराष्ट्रातलं पहिलं गाव गेलं ते मणिबेली, त्या बाजूला त्यांचं सतत जाणंयेणं. राहुल राम कॉर्नेलहून पीएचडी करून आले आणि बँडमध्ये असतानाच नव्वदच्या दशकात खोऱ्यात काम करत होते. 'कंदिसा'तलं 'मा रेवा' तिकडूनच आलंय. आमच्या घरी ते गाणं रॉक म्हणून कधी आलंच नाही, ते आमचंच होतं, फक्त त्याला बेस आणि ड्रम लागले होते.

काही वर्षांपूर्वी मुंबईत एका शोनंतर मी राहुल रामना भेटले. लाइनमध्ये माझ्या आधीचे सगळे 'सर, बिग फॅन' म्हणून फोटो काढून जात होते आणि माझी पाळी आली तेव्हा मला ते वाक्यसुद्धा आठवेना. तोंडातून निघालं ते फक्त वडिलांचं नाव आणि गावाचं नाव. आणि मग पुढची पाच मिनिटं आम्ही नुसती गावांची नावं घेत होतो, कुठलं पाण्यात गेलं, कुठलं पुनर्वसनात कुठे गेलं. मागे लाइन थांबलेली. फोटो काढायचा राहूनच गेला आणि मला त्याचं काही वाटलं नाही.

तर तुम्हीही एकच गोष्ट सांगा, तुमची स्वतःची. चिकटपट्टीचा गचका सांगा. किंवा २००८ चं सांगा, जमलं तर.

आणि नव्या तिघांबद्दल. त्यांना नवे म्हणू नका हो आता :) हिमांशु जोशी आणि तुहिन चक्रवर्ती असीमदांनंतर आले, निखिल राव सुस्मित सरांनंतर गिटारवर आला, २०१४ चा 'तंदानू' अल्बम या पाच जणांचा आहे, पुढे 'मसान' सिनेमातलं 'तू किसी रेल सी'सुद्धा. कार्डावर फक्त दोघांच्या सह्या घ्या आणि वेगळ्या जाड कागदावर पाचही जणांच्या घ्या. असीमदांच्या नावाशेजारची जागा मोकळीच राहू दे. सुस्मित सर त्यांचं स्वतःचं संगीत करतात, त्यांना कधीतरी वेगळं गाठा.

मिरजकर_बेसवाला

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचं उत्तर बायकोला वाचून दाखवलं, ती म्हणाली आता तू नाही गेलास तर मी जाते कार्ड घेऊन. नाना, मार्कर आणलं, दुसऱ्या कॅसेटच्या कार्डावर करून बघितलं, सुकायला दोन मिनिटं लागतात. काय झालं ते इथेच लिहितो.

मिरजकर_बेसवाला

काल झाला शो. उशीर झालाय पण आत्ताच लिहितो.

नानांनी सांगितलं तसंच केलं, अर्धा तास बॅरिकेडपाशी थांबलो, केबलवाल्या पोराने निरोप दिला. आम्ही आठ-दहा जणच उरलो होतो. माझे पाय कापत होते. आधी तुहिन बाहेर आला, मी पुठ्ठ्यावरचं कार्ड त्याच्या हातात दिलं आणि कसंबसं म्हटलं की यावर राहुल सर आणि अमित सरांची सही हवीये. त्याने कार्ड दिव्याकडे धरून नीट वाचलं, चारही नावं, आणि स्वतः आत घेऊन गेला. परत आला तेव्हा दोघं त्याच्या मागे. सह्या झाल्या. राहुल सरांना मी चिकटपट्टीचं सांगितलं, 'हिल्ले ले'मध्ये नेमकं कुठे गचका बसतो ते तोंडाने वाजवून दाखवलं, ते हसले, खांद्यावर हात ठेवला. २००८ चं सांगायला गेलो आणि घसा दाटला, अर्धंच सांगून झालं. पण सांगितलं. वेगळ्या कागदावर पाचही जणांनी सह्या केल्या.

घरी आल्यावर दिव्याखाली कार्ड बघितलं. तुहिन ते तबल्यावरून उठून आलेल्या हातानेच घेऊन गेला होता. कार्डाच्या कडेला, असीमदांच्या नावाच्या थोडं खाली, पावडरीचा पांढरा अंगठा उमटलाय. बायको म्हणाली पुसू का, मी म्हटलं हात लावू नको.

नाना, एक विचारायचं होतं. पावडर उडून न जाता हे फ्रेम कसं करतात, काच कार्डाला टेकली तर पुसलं जाईल ना? कोणाला माहीत असेल तर सांगा, तोवर ताटाखाली झाकून ठेवलंय.