मदत हवी आहे: छोटा पोर्टेबल टीव्ही कोणता घ्यावा? (तातडीचं)

कसबेकरीण | मंगळवार, रात्री ११:४०
नमस्कार. पुण्यात घरी छोटा पोर्टेबल टीव्ही हवा आहे. १० ते १४ इंच, बॅटरीवर चालणारा, स्वतःचा अँटेना असलेला. उचलून कुठेही ठेवता आला पाहिजे. बजेट आठ हजार, फार तर नऊ. शुक्रवारच्या आत हवा. नेटवर शंभर प्रकार दिसतात आणि सगळ्यांना साडेचार स्टार. ज्यांनी वापरलाय त्यांनीच नाव सांगा. आणि कृपया 'मोबाइलवर बघा' असं सांगू नका.

खवचट_कोथरूडकर | ११:४६
मोबाइलवर बघा.

जिलबी | ११:५२
कुठे न्यायचाय ताई? ट्रेकला, गाडीत, की स्वयंपाकघरात? आमच्याकडे ओट्यावर १० इंची टॅब आहे, कणीक मळताना बोटाने पुढे ढकलता येत नाही एवढाच त्रास. कोपराने होतं.

सोल्डरिंगवाला | बुधवार, सकाळी ७:१०
नाव नंतर सांगतो, आधी पाच गोष्टी सांगा. बघणार कोण? किती फुटांवरून? काय बघणार? घरात केबल आहे की छत्री (डिश)? वायफाय त्या खोलीत येतं का?

कसबेकरीण | सकाळी ७:३५
आई बघणार, घरातच. मालिका आणि बातम्या. बाकीच्याचा टीव्हीशी काय संबंध? अँटेना असतो ना त्याला, म्हणून तर पोर्टेबल हवाय.

सोल्डरिंगवाला | ७:४८
तिथेच तर घोळ आहे. अँटेना असतो, पण त्या अँटेन्याने पकडायचं काय? दूरदर्शनचं जुनं अ‍ॅनालॉग प्रक्षेपण देशभरात जवळजवळ सगळीकडे बंद झालंय. या छोट्या टीव्हींत डीव्हीबी-टी२ नावाचा डिजिटल ट्यूनर असतो. तो जी डिजिटल सेवा पकडतो ती दूरदर्शनने २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू केली. त्या यादीत मुंबई होती, औरंगाबाद होतं, पुणं नव्हतं. शिवाय ती चालते तिथेही फक्त दूरदर्शनची मोजकी चॅनेल्स. मालिकांचं नाव नाही. थोडक्यात, पोर्टेबल टीव्ही हा नुसता पडदा समजा. चित्र कुठून आणणार ते आधी ठरवा, मग पडदा घ्या.

निवृत्त_पण_व्यस्त | सकाळी ८:२०
काय दिवस आठवले! मुंबई दूरदर्शन १९७२ ला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी सिंहगडावरच्या टॉवरवरून आम्हा पुणेकरांना दिसायला लागलं. गच्चीवर काड्यांचा अँटेना, एक जण वर चढून तो सिंहगडाकडे फिरवतोय, खालून दुसरा ओरडतोय, "आलं... गेलं... आता हलू नकोस!" आमच्याकडे १४ इंची ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यालाच पोर्टेबल म्हणत. वर कडी होती. ती धरून उचलला की खांदा निखळायचा. सोनीने आपला पहिला ट्रान्झिस्टर टीव्ही १९६० मध्ये काढला, आठ इंची. १९८२ मध्ये सोनीचाच 'वॉचमन' नावाचा टीव्ही आला, तो तर हातात मावायचा. माझ्या साडूने दुबईहून आणला होता. पडदा दोन इंच. क्रिकेट लावलं की चेंडू दिसायचा नाही, पण ऐट काय होती!

खवचट_कोथरूडकर | ८:३१
काका, चेंडू आजही दिसत नाही. फलंदाजांनाही.

फुकट_फौजदार | ८:४०
एवढी चर्चा कशाला? दूरदर्शनची डीडी फ्री डिश बसवा, विषय संपला. २००४ पासून चालू आहे, महिन्याचा एक पैसा नाही. छत्री आणि डबा (सेट टॉप बॉक्स) मिळून एकदाच दोन हजारांच्या आत-बाहेर. जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे, म्हणजे पुण्यातून साधारण आग्नेयेला आणि चांगला उंच, ५९ अंशांच्या आसपास. समोरची भिंत दहा फुटांवर असेल तर छत्रीपासून वर सोळा फुटांपर्यंत चालते. त्यापेक्षा उंच असेल तर छत्री गच्चीवर न्या. सह्याद्री लागतं, सातच्या बातम्या लागतात. अजून काय पाहिजे?

जिलबी | ८:४४
ताईंनी मालिका म्हटलंय. फ्री डिशवर झी मराठी किंवा स्टार प्रवाह लागत नाही.

फुकट_फौजदार | ८:५०
मालिका बघून कुणाचं भलं झालंय?

जिलबी | ८:५१
प्रश्न भल्याचा नव्हता.

कसबेकरीण | दुपारी १:१५
एक सांगायचं राहिलं. टीव्ही मी गेल्या आठवड्यातच मागवलाय आणि आलाय. १४ इंची. अँटेना लावून चॅनेल शोधायला लावलं, पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत जाते आणि शेवटी शून्य सापडले म्हणतो. तीनदा केलं, खिडकीत, गच्चीत, अंगणात. मला वाटलं पीस खराब आहे, म्हणून दुसरा कोणता घ्यावा ते विचारत होते. विक्रेत्याला फोन केला तर म्हणाला, "मॅडम, ट्यूनर आहे ना? आहे. मग प्रॉडक्ट ओके आहे." परत करायची मुदत काल संपली.

खवचट_कोथरूडकर | १:१८
'कोणता घ्यावा' या धाग्यातली पहिली खरेदी धाग्याच्या आधी झाली आहे, याची नोंद घ्यावी.

सोल्डरिंगवाला | १:२५
ताई, हे पहिल्याच ओळीत सांगायचं होतं. पीस खराब नाही, हवेतच काही नाही. टीव्हीच्या कडेला किंवा मागे भोकं कोणती आहेत ते वाचून सांगा. आणि हॉलमध्ये काय आहे, केबल की छत्री?

कसबेकरीण | १:४०
एचडीएमआय, यूएसबी, एव्ही इन, हेडफोन आणि गोल पिन १२ व्होल्टची. हॉलमध्ये मोठा टीव्ही आहे, त्याला छत्री, महिन्याचं पॅकेज भरतो. आई हॉलमध्ये येऊ शकत नाही. खुब्याचं ऑपरेशन झालंय, शुक्रवारी घरी आणतोय. खाट मागच्या खोलीत. जुना वाडा आहे, भिंती दोन फुटी, वायफाय उंबरठ्यापर्यंत येतं आणि परत जातं. गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट जाते म्हणून बॅटरी. झालं का समाधान सगळ्यांचं?

जिलबी | १:४३
अगं बाई, आईंना लवकर बरं वाटू दे.

पडदाफाश | २:०५
छतावर प्रोजेक्टर! माणूस आडवा असेल तर याच्यासारखं सुख नाही. मी पाच हजारांत घेतला. उताणं झोपायचं, वर शंभर इंची चित्र. मान दुखत नाही.

सोल्डरिंगवाला | २:१०
वाड्याच्या छताला तुळया असतात. नायिकेचं नाक एका तुळईवर आणि डोळे दोन तुळयांच्या मधल्या खोबणीत.

चालतीबोलती | २:३०
मी फिजिओ आहे. टीव्ही कुठला ते तुमचं तुम्ही ठरवा, ठेवायचा कसा ते ऐका. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर सुरुवातीचे काही आठवडे कमरेत काटकोनापेक्षा जास्त वाकायचं नसतं आणि पायावर पाय टाकायचा नसतो. म्हणजे टीव्ही खाली स्टुलावर नको. खाली पडलेला रिमोट त्यांनी वाकून उचलायला नको. रिमोटला दोरी बांधा आणि खाटेच्या कडेला अडकवा. डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचं ऐका. आणि १४ इंची पडदा चार फुटांच्या पलीकडे नेलात तर मालिकेतली सासू कोण आणि सून कोण ते साडीवरून ओळखावं लागेल.

सोल्डरिंगवाला | २:४५
आता सोपं आहे. हॉलमधला सेट टॉप बॉक्स एचडीएमआयने मोठ्या टीव्हीला जोडलेला असणार. त्याच बॉक्सला मागे लाल-पिवळी-पांढरी एव्हीची भोकं असतील तर ती रिकामी आहेत. बऱ्याच बॉक्समध्ये दोन्ही बाजूंनी एकाच वेळी चित्र येतं. तिथून लांब एव्ही वायर आईंच्या खोलीत घ्या. तापकीर गल्लीत मीटरवर मिळते, टोकं लावून देतात. तुमच्या टीव्हीचं एव्ही इन हे हेडफोनसारखं एकच भोक असेल, त्याची छोटी जोडवायर टीव्हीच्या खोक्यात आली असेल. दोन्हीकडे चॅनेल एकच दिसेल हे लक्षात घ्या. वेगळं हवं असेल तर त्याच कंपनीचा दुसरा बॉक्स आणि छत्रीला दोन तोंडांचा एलएनबी (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) लागेल. तो शुक्रवारच्या आत होणार नाही.

पडदाफाश | २:५०
वायरी कोण ओढतंय आजकाल? एचडीएमआयमध्ये नेटवरून चित्र दाखवणारी स्टिक खोचा.

सोल्डरिंगवाला | २:५४
वायफाय उंबरठ्यावरून परत जातं असं वर लिहिलंय. शिवाय या छोट्या टीव्हीच्या यूएसबीवर स्टिक चालवली तर वीज पुरत नाही, दर दहा मिनिटांनी स्टिक पुन्हा चालू होते. वाचून प्रतिसाद द्यावा.

कसबेकरीण | रात्री ९:२०
तापकीर गल्लीतून १५ मीटर वायर आणली. जोडली. पडदा काळा आणि स्पीकरमधून नुसतं घूंऽऽऽ. बाबा म्हणतायत टीव्हीत भुंगा शिरलाय.

सोल्डरिंगवाला | ९:२३
घूं म्हणजे चित्राची तार आवाजाच्या जागी गेली. त्या छोट्या जोडवायरीत आतला क्रम कंपनीगणिक वेगळा असतो, रंगांवर विश्वास ठेवू नका. पिवळी काढून लाल जागी लावा, लाल पिवळ्या जागी.

कसबेकरीण | ९:२६
आलं!!!! चित्र आलं!

निवृत्त_पण_व्यस्त | ९:३०
हलू नका आता!

चालतीबोलती | ९:४१
वायर जमिनीवरून नेलीय का? उंबरठ्यावरून? परवापासून त्या दारातून वॉकर जाणार आहे. आत्ताच्या आत्ता उचला आणि चौकटीच्या वरून न्या. दुसरा खुबा मोडला तर टीव्हीचं कुणी विचारणार नाही.

कसबेकरीण | ९:५५
नेली. बाबा शिडीवर, मी खाली खिळे घेऊन. धन्यवाद, हे खरंच सुचलं नसतं.

कसबेकरीण | गुरुवार, सकाळी ११:०५
लाइट गेली. टीव्ही बॅटरीवर चालू आहे, पण चित्र गेलं. मग बॅटरीचे पैसे कशाला दिले?

फुकट_फौजदार | ११:१०
फ्री डिश असती तर...

सोल्डरिंगवाला | ११:१२
तर तीही बंद पडली असती. डबा तिलाही लागतो. टीव्हीला बॅटरी आहे, हॉलमधल्या बॉक्सला नाही. बॉक्सच्या अ‍ॅडाप्टरवर बारीक अक्षरात आउटपुट वाचा.

कसबेकरीण | ११:२०
१२ व्होल्ट, १.५ अँपिअर. मोबाइलचा टॉर्च लावून वाचलंय.

सोल्डरिंगवाला | ११:२६
म्हणजे जास्तीत जास्त १८ वॅट. वायफायच्या राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या, दोन अँपिअर किंवा जास्त देणारा. पिन बसतेय का ते बॉक्सचा अ‍ॅडाप्टर सोबत नेऊन दुकानातच बघा. त्यावर किती वॅट-तास लिहिलेत ते वाचा. ४० लिहिले असतील तर १८ वॅटला दोन तास धरा, कागदावरचं सगळं हातात येत नाही. छत्रीला वेगळी वीज लागत नाही, तिला बॉक्सच त्याच वायरीतून देतो. केबल असती तर मात्र गल्लीतला अ‍ॅम्प्लिफायरही बंद पडला असता आणि घरात कितीही बॅटऱ्या ठेवून उपयोग नव्हता. या बाबतीत छत्री बरी, फक्त धो धो पावसात रुसते.

निवृत्त_पण_व्यस्त | ११:४०
अवांतर: लाइट गेल्यावर रेडिओ. आकाशवाणी पुणे, ७९२ किलोहर्ट्झ. दोन पेन्सिल सेल महिनाभर पुरतात. आमच्या मातोश्रींना शेवटपर्यंत तोच लागायचा.

जिलबी | ११:४४
काका, हे मात्र पटलं. माझ्या आजीच्या उशाशीही असायचा, रबरबँड लावलेला.

कसबेकरीण | रविवार, दुपारी ४:३०
उशीर झाला लिहायला. आई शुक्रवारी आली. टीव्ही भिंतीतल्या कोनाड्यात बरोबर बसला, खाटेवरून साडेतीन फूट. यूपीएस आणला, पिन बसली. सगळं झालं, पण रिमोट! बॉक्स हॉलमध्ये, मध्ये दोन फुटी भिंत. चॅनेल बदलायचं झालं की आई देवघरातली घंटा वाजवायची. एकदा सह्याद्री, दोनदा मालिका. शुक्रवारी रात्री नऊपर्यंत शेजारच्या काकू दोनदा आरतीला येऊन गेल्या.

सोल्डरिंगवाला | ४:३६
रिमोट एक्स्टेंडर घ्या, तीन-चारशेला मिळतो. छोटासा डोळा आईंच्या खोलीत, त्याची तार हॉलपर्यंत, आणि दुसरं टोक बॉक्सच्या पुढच्या काचेवर चिकटवायचं. तारही चौकटीच्या वरूनच.

कसबेकरीण | रात्री ८:५०
लावला, चालतोय. रिमोट दोरीने आईच्या खाटेला बांधलाय. हॉलमध्ये बाबांची मॅच चालू होती, शेवटची दोन षटकं, तेवढ्यात तिकडे मालिका लागली. बाबा आत जाऊन विनंती करून आले. आई म्हणाली, जाहिराती लागल्या की बघू.

खवचट_कोथरूडकर | ८:५५
बाबांना सांगा, मोबाइलवर बघा.

नळस्टॉप_वडापाव | ९:१५
मॅडम, आई हिंडू-फिरू लागल्या की हा १४ इंची विकणार का? गाडीवर लावायचाय. अँटेना नसला तरी चालेल.

कसबेकरीण | ९:२१
अँटेना आत्ताच घेऊन जा.