अनुभव धागा: युगांडात सेवेला गेलेल्या साठीपुढच्या मिशनरी जोडप्याचं रोजचं घर

धागाकर्ती
निवृत्तीनंतर वर्ष-दोन वर्षं मिशनच्या शाळेत, दवाखान्यात किंवा वसतिगृहात सेवेला जायचं ठरलं की प्रार्थनेत आठवण ठेवणारे पुष्कळ भेटतात. पाणी किती वेळ उकळायचं, इन्सुलिन कुठं ठेवायचं, हे सांगणारे मात्र कमी. धागा फक्त युगांडापुरता आणि फक्त रोजच्या व्यवहारापुरता आहे. तिथं राहिलेल्यांनी नेमकं लिहा. साक्ष नको, कृती, माप आणि काय बिघडतं ते हवं.

कंपालाकर
आधी घड्याळ. देश विषुववृत्तावर, त्यामुळे सूर्य वर्षभर पावणेसातच्या आसपास उगवतो आणि साधारण त्याच सुमाराला मावळतो. लुगांडा या तिथल्या भाषेत तास उजाडल्यापासून मोजतात. 'सावा एमु' म्हणजे एक वाजला, पण आपल्या घड्याळात सकाळचे सात. 'सावा सातू' म्हणजे तीन, आपले नऊ. लुगांडात वेळ सांगितली तर सहा मिळवायचे. इंग्रजीत 'थ्री' ऐकू आलं तरी सकाळी की दुपारी हे विचारून घ्या, कारण बोलणारा मनात लुगांडाचं घड्याळ धरून असू शकतो आणि तुम्ही दुपारी तीनला पोचता तेव्हा सभा कधीच संपलेली असते.

दिवस अभिवादनानं सुरू होतो, कामानं नाही. 'वासुझे ओत्या नो, सेबो?' म्हणजे रात्र कशी गेली, साहेब. बाईला 'न्याबो'. वडीलधाऱ्यांना 'म्वासुझे मुत्या', म्हणजे आपल्या अहो-जाहोसारखं बहुवचन. गाडीची काच खाली करून रस्ता विचारतानासुद्धा आधी हे. तुमच्या वयाला 'जाजा' म्हणतील, म्हणजे आजी-आजोबा. तो मान आहे.

भारत अडीच तास पुढे आहे. नातवंडांशी बोलायला तिथले संध्याकाळचे साडेपाच धरा, म्हणजे इथे आठ.

टाकीवाले काका
शहराबाहेरच्या मिशन आवारात पाणी बहुधा छपरावरचं. ५० चौरस मीटर पत्र्यावर १० मिलिमीटर पाऊस म्हणजे हिशेबानं ५०० लिटर. उडालेलं-गळलेलं सोडून ४०० धरा. मध्य आणि दक्षिण भागात मुख्य पाऊस मार्च ते मे आणि सप्टेंबर ते नोव्हेंबर. दोघांना बादलीनं अंघोळ धरून रोज ६०-७० लिटर लागतात, म्हणजे महिन्याला दोन हजार. पाच हजारांची टाकी काठोकाठ असली तरी जेमतेम अडीच महिने.

कोरड्या दिवसांनंतरचा पहिला पाऊस टाकीत घेऊ नका. पत्र्यावर धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा असते. पन्हळीचा पाइप बाजूला वळवून पंधरा-वीस मिनिटं वाहू द्या. टाकीच्या तोंडाची जाळी फाटली की आत डासांची पैदास सुरू.

पिण्याचं पाणी खळखळून उकळल्यावर एक मिनिट पुरतं. वीस मिनिटं उकळत ठेवणं म्हणजे गॅस जाळणं. गढूळ असेल तर आधी निवळू द्या, फडक्यातून गाळा, मग उकळा. कँडलचा फिल्टर मंदावला की कँडल स्वच्छ पाण्यात मऊ ब्रशनं घासायची. साबण लावायचा नाही, तो छिद्रांत बसतो. आणि फिल्टरमधून पाणी अचानक भरभर यायला लागलं तर कँडलला तडा गेला का ते आधी पाहा.

पिवळा जेरीकॅन २० लिटरचा, म्हणजे भरल्यावर २० किलोच्या वर. साठीनंतर तो वाकून उचलायचा नाही. अर्धा भरा, नाहीतर पाणी आणणाऱ्या मुलाला रोजचे पैसे ठरवून द्या. कंबर धरली तर दोघांचीही सेवा थांबते.

मेट्रन
औषधांवर सविस्तर लिहिते, कारण चुका इथेच जास्त होतात.

डासांमुळे होणाऱ्या पीतज्वराची (यलो फीव्हर) लस: युगांडात शिरताना प्रमाणपत्र लागतं. तिथून भारतात परतताना ते नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून लागू होतं. साठीनंतर ही लस पहिल्यांदाच घेत असाल तर गंभीर दुष्परिणामांची शक्यता तरुणांपेक्षा जास्त असते. म्हणून तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांशी बोला. स्टेरॉइड किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या गोळ्या चालू असतील, थायमस ग्रंथीचा आजार झाला असेल तर ते आवर्जून सांगा. लस घेता येत नसेल तर माझ्या मते दुसरा देश मागावा. सूट देणारं पत्र तपासनीसाला चालेल, डासाला नाही.

मलेरिया: तिथं बहुतेक फॅल्सिपॅरम हा सगळ्यात घातक प्रकार असतो, तो दोन दिवसांत जिवावर येऊ शकतो. प्रतिबंधक गोळ्यांत अॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल रोज एक, निघण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून परतल्यावर सात दिवसांपर्यंत. डॉक्सिसायक्लिन रोज एक, पण परतल्यावर चार आठवडे. दीर्घ मुक्कामात कोणती, हे डॉक्टर ठरवतील. त्यांना चालू गोळ्यांची पूर्ण यादी द्या. रक्त पातळ करणारं वॉर्फरिन चालू असेल तर या दोन्हींनी त्याचा परिणाम वाढू शकतो. डॉक्सिसायक्लिन दुधाबरोबर किंवा कॅल्शियम-लोहाच्या गोळीबरोबर घेतलं तर नीट शोषलं जात नाही. आपल्या वयाच्या निम्म्या बायका कॅल्शियम घेतात, त्यांनी दोन्हींत काही तासांचं अंतर ठेवावं. गोळी पेलाभर पाण्याबरोबर घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते.

गोळी चालू असली तरी ताप आला की त्याच दिवशी रक्ततपासणी. 'प्रवासाचा शीण असेल' म्हणून दुसरा दिवस उजाडू द्यायचा नाही. उपचारात आर्टिमेथर-ल्युमेफँट्रिन देतात: मोठ्यांना दर वेळी चार गोळ्या, सहा वेळा, तीन दिवसांत. दुसरा डोस पहिल्यानंतर आठ तासांनी, पुढचे सकाळ-संध्याकाळ. रिकाम्या पोटी घेतलं तर औषध अंगी लागत नाही. दूध, शेंगदाणे, काहीतरी स्निग्ध बरोबर हवं. बरं वाटलं की चौथ्या डोसाला सोडून देतात, तसं करू नका. बरं झाल्यावरही रक्ताच्या झटपट तपासणीची पट्टी काही आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा पुन्हा ताप आला तर सूक्ष्मदर्शकाखालची तपासणी मागा.

इन्सुलिन विमानात हातातल्या बॅगेत, सामानाच्या कप्प्यात ते गोठू शकतं. न उघडलेलं २ ते ८ अंशांत, फ्रीजरच्या कप्प्याला टेकवून नको. वीज वारंवार जाते तिथं मातीच्या दोन कुंड्या एकात एक ठेवा, मधे ओली वाळू, वर ओलं फडकं. वापरात असलेली कुपी त्यात उन्हाळ्यातही शाबूत राहते. ती साधारण २८ दिवसांत संपवा, कुपीवर उघडल्याची तारीख लिहा.

खटका
मेट्रनताईंना पुरवणी, विजेची. व्होल्टेज २४०, म्हणजे आपल्या २३० च्या जवळचंच असल्यानं इथला मिक्सर तिथं थेट चालतो. फक्त पिना चौकोनी, तेव्हा अडॅप्टर न्या. १२ व्होल्ट १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-अवर, पण ती अर्ध्याखाली उतरवली की आयुष्य घटतं, म्हणून ९०० च धरा. चार दिवे, राउटर आणि दोन पंखे मिळून १५० वॅट म्हणजे सहा तास. इस्त्री, किटली इन्व्हर्टरवर लावायचीच नाही. बॅटरीत डिस्टिल्ड पाणीच घाला, पावसाचं स्वच्छ दिसलं तरी नको. वीज परत आल्यावर फ्रीज पाच मिनिटांनी सुरू करा, पहिल्या झटक्यात कॉम्प्रेसर जातो.

चूलबोळकी
तूरडाळ, कणीक, हिंग कंपालातल्या भारतीय दुकानांत मिळतं. आत खेड्यात नाही. महिन्यातून एकदा शहरात जाल तेव्हा भरून आणा. नाचणी मात्र सगळीकडे, तिला 'ओबुलो' म्हणतात. बाजारातल्या तयार पिठात बऱ्याचदा कसाव्याचं (ज्याचा साबुदाणा होतो त्या कंदाचं) पीठ मिसळलेलं असतं, कारण तिथला 'कालो', म्हणजे पिठाचा शिजवलेला घट्ट गोळा, तसाच करतात. त्या पिठाची भाकरी थापली की चिकटते आणि तुटते. दाणे घेऊन दळून आणा. दाणे जमिनीवर वाळवलेले असतील तर त्यांत खडे येतात. कवळी असणाऱ्यांनी धुऊन, निवडून, वाळवूनच गिरणीत द्यावेत.

'मुकेने' म्हणजे बारीक सुकी मासळी, कोकणातल्या माणसाला तोंडी लावायला चालते. उंच मांडवावर वाळवलेली घ्या, वाळूवरची कचकचते.

मटोके म्हणजे हिरवी केळी सोलून, केळीच्या पानांत बांधून वाफवून कुस्करलेली. सोलताना हाताला तेल लावा, चिकाचे डाग जात नाहीत. केळ्यांत पोटॅशियम भरपूर. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबासाठी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी चालू असेल तर रोज किती खायचं हे डॉक्टरांना विचारा. यजमानीण ताट भरून वाढते, तेव्हा आधीच 'कितोनो', म्हणजे थोडंच, म्हणावं.

सुईदोरा
बाहेर वाळत घातलेला प्रत्येक कपडा दोन्ही बाजूंनी इस्त्री करायचा. चादरी, मोजे, आतले कपडेही. टुंबू माशी ओलसर कापडावर अंडी घालते, अळी कातडीत शिरते आणि मधोमध काळा ठिपका असलेला फोड येतो. शिवण आणि इलास्टिकवर इस्त्री जास्त वेळ दाबा, चुका तिथंच होतात. फोड पिळू नका. वर व्हॅसलीनचा थर द्या, अळी श्वासासाठी वर येते, मग चिमट्यानं काढा.

मातीच्या जमिनीवर अनवाणी जाऊ नका, जिगर नावाची पिसू नखाशेजारी शिरते. मधुमेहानं पाय बधिर असतील तर कळतही नाही. रोज संध्याकाळी टॉर्च घेऊन एकमेकांचे तळपाय पाहायचे.

खतावणी
चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडच्या अँग्लिकन मिशनची माणसं बुगांडात, म्हणजे कंपालाभोवतीच्या जुन्या राज्यात, १८७७ मध्ये पोचली, व्हाइट फादर्स हे कॅथलिक मिशनरी १८७९ मध्ये. मिशनच्या घराकडून काय मागायचं, हे गावाला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे: फी, औषध, गाडी. शाळेच्या तीन सत्रांच्या आधीच्या आठवड्यात दारात रांग लागते. नियम पहिल्या महिन्यातच ठरवा आणि दोघांनी एकच उत्तर द्या. एकानं नाही म्हटलेलं दुसऱ्यानं हो केलं की नियम संपला. फी रोख हातात न देता शाळेच्या खात्यात भरा, पावती वहीत चिकटवा. मिशनच्या किरकोळ रोकडीतून उसने कुणालाच नाहीत, स्वतःलाही नाहीत. मोबाइल मनीतून पैसे काढताना शुल्क कापतात, ते वेगळ्या रकान्यात लिहा, नाहीतर महिनाअखेर ताळा बसत नाही.

इथली पेन्शन: नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, त्यासाठी आधार जोडलेलं असावं. भारतातलं सिम रोमिंग चालू करूनच निघा आणि रिचार्ज संपू देऊ नका. ते बंद पडलं की बँकेचा ओटीपी येत नाही आणि पेन्शन खात्यात असूनही हात बांधलेले.

दुभाषी
उपासना तीन-तीन तास चालते. काठी, उशी, पाण्याची बाटली बरोबर ठेवा. प्रवचन दुभाष्यामार्फत असेल तर २० मिनिटांचा मजकूर ४० मिनिटं घेतो, म्हणून कागदावर निम्माच लिहा. एक वाक्य, एक विचार, मग थांबा. म्हणी आणि शब्दांचे खेळ गाळा. वचनं आदल्या दिवशी दुभाष्याला द्या. संपूर्ण लुगांडा बायबल १८९६ पासून आहे, ती ओळ मंडळींना पाठ असते आणि ऐनवेळी केलेला तुमचा अनुवाद त्यांच्या कानाला खटकतो.

कंपालाकर
एक राहिलं. शेजारी मृत्यू झाला तर दफनाला दोघांनी जावं, काम बाजूला ठेवून. बाईंनी पायघोळ कपडा घालावा. 'अमाबुगो' म्हणून पाकिटात रक्कम देतात, तिथल्या एखाद्या शिक्षकाला विचारून तेवढीच ठेवा. फार मोठी दिली तर पुढच्या घरी तीच अपेक्षा होते. पाकिटावर दोघांची नावं लिहा.